सुटे भाग आणि सबंध यंत्र

मुंबईच्या उपनगरांत सांताक्रूझ हे एक जुने नाव आहे. पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थ पवित्र क्रूस असा होतो. या नावाबरोबर मुंबईकरांच्या डोळ्यांपुढे प्रथम विमानतळ उभा राहतो, आणि त्यात काही नवल नाही. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच नावाला आणखी एक अर्थ प्राप्त झाला. विद्युत्-उपकरणांचे सुटे भाग तयार करून ते परदेशी धाडण्यासाठी जी वसाहत सरकारने सन १९७३ मध्ये वसविली, तिचे नाव ‘सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र’ असे ठेवण्यात आले. या लांबलचक नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक तिला ‘सीप्झ’ म्हणू लागले. गंमत अशी की ही वसाहत सांताक्रूझमध्ये नसून अंधेरीच्या पूर्वेस, मरोळच्या अंगाला आहे. सन २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात मुंबईची भुयारी मेट्रो सुरू झाली, तेव्हा सीप्झ व सांताक्रूझ अशी दोन निरनिराळी स्थानके तिच्यावर आली आणि त्या दोहोंच्या दरम्यान आणखी पाच स्थानके आहेत असे दिसून आले.

आज याच उपनगरांतील कित्येक सुशिक्षित घरांत एक नवा प्रश्न वारंवार उपस्थित होत असतो. घरातील तरुण मुलास किंवा मुलीस खेळांसाठी संगणक हवा असतो. तो तयार विकत न घेता एकेक भाग निवडून स्वतः जुळवावा, अशी त्याची किंवा तिची इच्छा असते. वडीलधाऱ्यांना हा पोरखेळ वाटतो. इतके रुपये खर्चून हाती येणार काय, तर एक खेळणे, असा त्यांचा आक्षेप असतो. हा आक्षेप अगदीच निराधार आहे असे नव्हे. तथापि सुटे भाग निवडून सबंध यंत्र उभे करण्याचा जो अधिकार आज या तरुणांना लाभला आहे, तो एकेकाळी या देशातील नामांकित शास्त्रज्ञांनाही सहजासहजी लाभत नव्हता. आणि त्या अधिकाराबरोबर विवेकाचे जे ओझे येते, तेही काही हलके नाही. या दोन्ही गोष्टी ध्यानात येण्यासाठी थोडे मागे जावयास हवे.

मुंबईत गणकयंत्र जुळविण्याचा पहिला मोठा उद्योग कुलाब्यास झाला. डॉ. होमी भाभा यांनी सन १९४५ मध्ये स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांचा एक लहानसा गट या कामास लागला. प्रथम त्यांनी एक नमुना-यंत्र बांधून पाहिले व ते सन १९५६ च्या सुमारास चालू केले. त्या अनुभवावर उभारलेले पूर्ण यंत्र सन १९६० मध्ये कार्य करू लागले, आणि सन १९६२ च्या जानेवारीत पंडित नेहरू संस्थेच्या नव्या वास्तूच्या उद्घाटनास आले असता त्यांनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. या यंत्रात सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियमचे डायोड आणि १२,५०० रोधक होते. त्या काळी घरोघरी जो पाच व्हॉल्वचा रेडिओ असे, त्याच्या हिशेबाने पाहिले तर पाचशे चाळीस रेडिओंच्या नळ्या या एकाच यंत्रात एकवटल्या होत्या. त्याची स्मृती चुंबकीय कड्यांची असून तीत प्रत्येकी ४० अंकस्थानांचे २,०४८ शब्द मावत. आज खेळांसाठी जुळविल्या जाणाऱ्या सामान्य संगणकात १६ गिगाबाइटची रॅम असते. ती टिफ्रॅकच्या स्मृतीच्या सोळा लाख पटींहूनही अधिक भरते.

परंतु टिफ्रॅकची थोरवी आकड्यांवरून ठरवावयाची नाही. ज्यांनी तो बांधला त्यांच्यापैकी बहुतेकांनी पूर्वी असे यंत्र जवळून पाहिलेलेही नव्हते. कोणता भाग घ्यावा, तो किती उष्णता निर्माण करील, त्यास किती विद्युत्शक्ती पुरवावी, एक नळी निकामी झाल्यास ती कशी हुडकावी, हे सारे प्रश्न त्यांना स्वतःच सोडवावे लागले. आणि तरीही एका गोष्टीपुढे त्यांचा इलाज चालला नाही. ती गोष्ट म्हणजे काळ. यंत्र पूर्ण होईतो परदेशांत नळ्यांचे युग मावळत आले होते व ट्रान्झिस्टरवर चालणारी गणकयंत्रे विक्रीस येऊ लागली होती. म्हणजे भाग उत्तम, जुळणी उत्तम, परंतु भागांची पिढीच मागे पडलेली, अशी ही अवस्था झाली. तेव्हा सुटा भाग निवडणे म्हणजे काळाचीही निवड करणे होय, हा धडा कुलाब्याने प्रथम शिकविला. तो वाया गेला नाही. पुढे सन १९६९ मध्ये तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तयार झालेला ‘टीडीसी १२’ हा संगणक ट्रान्झिस्टरांच्या पिढीतला होता, व त्याचे उत्पादन हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने केले.

सन १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर विद्युत्-उपकरणांच्या बाबतीत देश किती परावलंबी आहे हे सरकारच्या ध्यानात आले होते. डॉ. भाभा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने सन १९६६ मध्ये आपला अहवाल दिला. त्यापाठोपाठ सन १९७० मध्ये केंद्रात इलेक्ट्रॉनिक्सचे स्वतंत्र खाते व पुढील वर्षी आयोग स्थापन झाला. परकीय चलनाची चणचण तर पाचवीलाच पुजलेली होती. हे भाग येथील कुशल हातांनी तयार करून परदेशी विकावे, म्हणजे चलनही मिळेल आणि विद्याही येईल, अशा विचारातून सीप्झचा जन्म झाला.

या वसाहतीभोवती भिंत होती, आणि ती केवळ विटांची नव्हती. आत येणारा कच्चा माल जकातीवाचून येई. मात्र आत तयार झालेला माल बाहेरच्या देशांसाठीच असे. तो भिंतीपलीकडे मुंबईच्या बाजारात आणणे म्हणजे परदेशातून आयात करण्यासारखेच मानले जाई. आत बहुसंख्येने तरुण स्त्रिया कामास होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक तारा जोडण्याचे, डोळ्यांचा आणि बोटांचा अंत पाहणारे काम त्यांनी केले. उपनगरांतील अनेक कुटुंबांच्या संसारास त्या पगाराचा हातभार लागला, ही गोष्ट या इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

याच सुमारास अमेरिकेत एक महत्त्वाचा पालट घडला. सन १९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. घाईमुळे तिने त्यातील बहुतेक भाग इतरांकडून घेतले. प्रोसेसर इंटेलचा, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची, आणि फ्लॉपी चकती फिरविणारा भाग टंडन कंपनीचा. ही कंपनी सिरजंग लाल टंडन या भारतीय वंशाच्या उद्योजकाने कॅलिफोर्नियात उभारलेली होती, आणि तिच्या उत्पादनाचा काही भाग पुढे सीप्झमध्येही होऊ लागला. म्हणजे मरोळच्या कारखान्यात तयार होणारा भाग सातासमुद्रापार जाऊन कोणा अपरिचिताच्या मेजावरील संगणकात बसे, आणि कारखान्याबाहेरच्या रस्त्याने जाणाऱ्या विद्यार्थ्यास मात्र तो पाहावयासही मिळत नसे. काखेत कळसा असून गावाला वळसा घालावा लागतो, त्यातलाच हा प्रकार होता.

आयबीएमच्या त्या यंत्राची रचना उघडी होती. पट्ट्या कोणत्या खाचांत बसतात, कोणत्या तारेतून कोणता संदेश जातो, हे प्रसिद्ध करण्यात आले होते. त्यामुळे इतर उत्पादकांनी त्याच मापाचे भाग व त्याच जातीची यंत्रे तयार करावयास प्रारंभ केला. छापखान्यात खिळे एका उंचीचे असतील तरच निरनिराळ्या ओतशाळांतील अक्षरे एका ओळीत बसतात. संगणकाच्या भागांचेही तसेच आहे. माप एक झाले की निर्माता कोणीही असो, जुळणी शक्य होते. सन १९९५ मध्ये इंटेलने मदरबोर्ड, पेटी व वीजपुरवठा यांसाठी जे ‘एटीएक्स’ नावाचे माप ठरविले, ते तीस वर्षे उलटूनही वापरात आहे. निवडीचे स्वातंत्र्य असे मापाच्या शिस्तीतून जन्मास आले.

भारतात हे स्वातंत्र्य पोहोचण्यास कायद्याची कवाडे उघडणे अवश्य होते. सन १९८४ च्या नोव्हेंबरात जाहीर झालेल्या नव्या संगणक धोरणाने भागांवरील जकात व परवान्यांचे जाचक नियम सैल केले. सन १९९१ च्या आर्थिक सुधारणांनी ती कवाडे अधिक उघडली, आणि सन १९९७ मध्ये भारत माहिती-तंत्रज्ञानविषयक जागतिक करारात सामील झाल्यावर संगणकाच्या बहुसंख्य भागांवरील जकात क्रमाक्रमाने नाहीशी झाली. या सर्वांचा परिणाम मुंबईत प्रथम ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर दिसला. सन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव या रस्त्यास पडले होते, पुढे डॉ. दादासाहेब भडकमकर यांचे नाव त्यास अधिकृतपणे देण्यात आले. संगणकापूर्वीही तेथे रेडिओचे व ध्वनिवर्धकांचे सुटे भाग मिळत आणि हौशी लोक ते घेऊन घरी संच जुळवीत. त्याच दुकानांच्या फळ्यांवर आता मदरबोर्ड व रॅमच्या पट्ट्या आल्या. ‘असेंबल्ड’ हा शब्द मध्यमवर्गीय मराठी घरांत रूढ झाला तो याच काळात. नामांकित कंपनीच्या तयार संगणकापेक्षा असा जुळविलेला संगणक पुष्कळ स्वस्त पडे, व बिघाड झाला तर एकच भाग बदलून काम भागे.

येथवर खेळांचा उल्लेख आला नाही. परंतु संगणकाच्या भागांची खरी परीक्षा खेळांनीच घेतली आहे. सन १९६२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात विद्यार्थ्यांनी व संशोधकांनी पीडीपी १ या यंत्रावर ‘स्पेसवॉर’ नावाचा खेळ रचला, तेव्हाच यंत्राचा वेग आणि पडद्यावरील चित्र यांचा संबंध स्पष्ट झाला होता. सन १९९३ मध्ये ‘डूम’ हा खेळ आला आणि कचेरीतील संगणक हिशेबास पुरेसा असला तरी खेळास पुरत नाही, हे सर्वांस कळून आले. सन १९९६ मधील ‘क्वेक’ या खेळाने तर एक मोठाच धडा दिला. त्या वेळी सायरिक्स कंपनीचा एक प्रोसेसर इंटेलच्या पेंटियमहून स्वस्त मिळे, व पत्रलेखन किंवा हिशेबठिशेब यांत तो पेंटियमच्या तोडीस तोड चाले. परंतु अपूर्णांकांचे गणित करण्यात तो दुबळा होता, आणि क्वेकला नेमके तेच गणित विपुल लागे. ज्यांनी केवळ किंमत व वेष्टणावरील आकडा पाहून प्रोसेसर घेतला, त्यांची खेळ सुरू होताच निराशा झाली. दिसते तसे नसते म्हणून जग फसते, ही म्हण इतकी तंतोतंत क्वचितच खरी ठरली असेल.

त्याच वर्षी थ्रीडीएफएक्स कंपनीचे ‘व्हूडू’ हे कार्ड निघाले. घन आकृती रंगविणे एवढेच काम ते करी. साध्या चित्रासाठी दुसरे कार्ड शेजारी ठेवावे लागे. सन १९९९ मध्ये एनव्हिडियाने आपल्या जीफोर्स २५६ या कार्डास ‘जीपीयू’ ही संज्ञा दिली, आणि तेव्हापासून खेळांच्या संगणकात ग्राफिक्स कार्ड हाच सर्वांत खर्चाचा भाग होऊन बसला.

या इतिहासातून निवडीचे काही नियम आपोआप निघतात. पहिला नियम असा की आरंभ पडद्यापासून करावा. १९२० बाय १०८० बिंदूंच्या पडद्यावर सुमारे २१ लाख बिंदू रंगवावे लागतात. ३८४० बाय २१६० च्या पडद्यावर ते सुमारे ८३ लाख, म्हणजे चौपट होतात. सेकंदास ६० चित्रे हवी असतील तर एका चित्रास सुमारे १७ सहस्रांश सेकंद मिळतो. १४४ हवी असतील तर अवघा ७. कोणता पडदा व किती चित्रे, हे एकदा निश्चित झाले की ग्राफिक्स कार्ड किती बळाचे हवे ते ठरते, आणि त्याला साजेसा प्रोसेसर मग निवडता येतो. कित्येक जण उलट क्रमाने जातात व नाकापेक्षा मोती जड करून बसतात. खिल्लारी बैलाच्या जोडीस मरतुकडा बैल जुंपला तर गाडी मरतुकड्याच्याच चालीने चालावयाची. महाग कार्डास मंद प्रोसेसर, किंवा उत्तम प्रोसेसरास अपुरी रॅम, यांची गत हीच होते.

दुसरा नियम पत्रिका जुळविण्याचा. प्रोसेसरची बैठक व मदरबोर्डची बैठक एकच असावी लागते. एएमडीची एएम४ ही बैठक सन २०१६ मध्ये आली व पुष्कळ वर्षे टिकली. सन २०२२ मध्ये एएम५ आली, आणि जुन्याचा प्रोसेसर नव्यात बसत नाही. डीडीआर४ जातीची रॅम डीडीआर५ च्या खाचेत शिरत नाही. रॅमची एकच मोठी पट्टी घेण्यापेक्षा समान क्षमतेच्या दोन पट्ट्या घेतल्यास स्मृतीचे दोन मार्ग एकदम वापरता येतात व यंत्र अधिक चपळ होते. येथे टिफ्रॅकचा धडा आठवावा. आजचा भाग उत्तम आहे एवढेच पाहून भागत नाही; त्याच बैठकीवर चार वर्षांनी अधिक बलवान प्रोसेसर बसविता येईल काय, हेही विचारावे.

तिसरा नियम वीजपुरवठ्याचा, आणि मुंबईत त्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. पेटीबरोबर येणारा स्वस्त एसएमपीएस, त्यावर छापलेला वॉटचा भव्य आकडा, आणि त्याच्या भरवशावर बसविलेले महागडे कार्ड, हे दृश्य दुर्मीळ नाही. एनव्हिडियाच्या जीफोर्स ४०६० या कार्डास ११५ वॉट लागतात, तर ४०९० ला ४५०. या दोहोंना एकच पुरवठा चालेल असे समजणे हा अविचार होय. पुरवठा-यंत्र किती वीज उष्णतेत वाया न घालविता पुढे देते, याचे मापन करणारी ‘एटी प्लस’ ही खूण सन २००४ पासून प्रचारात आहे. ती असणे चांगले, परंतु प्रतिष्ठित उत्पादकाचे नाव व अनेक वर्षांची हमी त्याहून महत्त्वाची. हा भाग खेळात एकही चित्र वाढवीत नाही, म्हणून तो उपेक्षिला जातो. आणि बिघडला तर शेजारच्या सर्व भागांना घेऊन बुडण्याची शक्यता असते, म्हणून तो उपेक्षू नये.

चौथा नियम हवेचा. मुंबईची दमट, खारट व धुळीची हवा धातूला आणि पंख्यांना बाधक असते. पेटीच्या पुढून हवा आत यावी व मागून बाहेर जावी, वाटेवर जाळी असावी, आणि ती महिन्या-दोन महिन्यांनी काढून झाडावी. पेटीच्या काचेआड झगमगणारे रंगीत दिवे डोळ्यांस सुखवितात, परंतु भागांस थंड ठेवीत नाहीत. मर्यादित रकमेत दिवे व वारा यांपैकी एकच घ्यावयाचे झाल्यास वारा घ्यावा.

एवढे सारे पाळूनही काही गोष्टी गिऱ्हाइकाच्या हाती राहत नाहीत. सन २०२१ मध्ये महामारीमुळे विस्कळीत झालेला पुरवठा आणि ग्राफिक्स कार्डांवर आभासी चलन मिळविणाऱ्यांची झुंबड, या दोहोंमुळे जगभर कार्डांचे भाव भडकले. सन २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या चलनाने आपली पद्धती बदलली व कार्डांची ती मागणी ओसरली. ज्यांना धीर धरता आला त्यांचे पैसे वाचले. यास्तव थांबणे हीदेखील एक निवड आहे, हे तरुणांनी ध्यानात ठेवावे. आणि अंथरूण पाहून पाय पसरण्याची शिकवण या खरेदीसही लागू आहे.

पुण्याच्या एका प्रसिद्ध उदाहरणाने या विषयाचे मर्म नीट कळते. सन १९८८ मध्ये तेथे प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले. अमेरिकेकडून अतिबलाढ्य संगणक मिळविण्यात आलेल्या अडचणी ही त्याची पार्श्वभूमी होती. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथील शास्त्रज्ञांनी सन १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. त्यातील प्रोसेसर काही गुप्त किंवा अलौकिक नव्हते. इनमॉस कंपनीचे, बाजारात विकत मिळणारे ट्रान्सप्युटरच त्यांनी घेतले. किमया होती ती अनेक प्रोसेसर एकमेकांशी कसे जोडावे व त्यांच्यात काम कसे वाटून द्यावे यात. भाग परके असले तरी जुळणी स्वतःची असू शकते, आणि जुळणीत बुद्धी ओतली म्हणजे यंत्र आपले होते.

खेळासाठी संगणक जुळविणाऱ्या तरुणाचे काम अर्थातच त्या मानाने फार लहान आहे. त्याने प्रोसेसर घडविलेला नाही, रॅम ओतलेली नाही. परंतु प्रत्येक भाग काय करतो, त्याला कशाची साथ लागते, आणि कोठे खर्च करणे व्यर्थ आहे, याचा विचार त्याने केला असेल, तर यंत्र विकत घेणारा आणि यंत्र समजणारा यांच्यातील अंतर त्याने ओलांडले आहे. कुलाब्याच्या अभियंत्यांनी हे अंतर अपार कष्टाने ओलांडले. सीप्झमधील स्त्रियांनी असंख्य भाग हाताळले, पण सबंध यंत्र त्यांच्या घरी येऊ शकले नाही. आज ते येऊ शकते. म्हणून घरातील तरुणाने भागांची यादी पुढे केली, तर वडीलधाऱ्यांनी तिची बेरीज करण्यापूर्वी प्रत्येक भागासमोर ‘हाच का?’ एवढा प्रश्न विचारावा. उत्तरे नीट आली तर खर्च सार्थकी लागला असे समजावे. न आली तर यादी परत द्यावी आणि अभ्यासास आणखी एक महिना द्यावा.